व्याजावर चालणारी खुर्ची



गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी आमच्या वसाहतीतले एक काका घरी आले. महापालिकेच्या नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत बँकेच्या मुदत ठेवीची पावती. चहा नको म्हणाले, खुर्चीच्या टोकावर बसले आणि एकदम मुद्द्यावर आले. "भाऊ, तू कचेरीत कागदपत्रांचं काम करतोस म्हणून विचारतो. कॉलेजात खुर्ची ठेवतात म्हणे. ती कशी ठेवायची?"

मला वाटले, बाक, पंखे, कपाट अशी काही देणगी द्यायची असेल. तसे म्हणालो तर ते हसले. "तसली नव्हे रे. प्राध्यापकाची. नावाची."

मग सगळे सांगितले. काकूंनी चार घरची धुणीभांडी करून मुलीला बी.एस्सी. केले, केमिस्ट्री घेऊन. दुसऱ्या वर्षाला असताना मुलीच्या हातून प्रयोगशाळेत ब्युरेट फुटली. वर्षाअखेरीस डिपॉझिटमधून पैसे कापून घेतले. त्या पैशांवर पुढच्या परीक्षेची फी भरायचे ठरलेले होते. काकूंनी आणखी एक घर धरले, पण पोरीला एक शब्द बोलल्या नाहीत. आज ती मुलगी एम.एस्सी. होऊन कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. काकांजवळ पाच लाखांची ठेव आहे. मुलगा म्हणतो घराची डागडुजी करू, मंडळाचे कार्यकर्ते म्हणतात वस्तीच्या तोंडाशी काकूंच्या नावाची कमान उभारू. काकांच्या मनात मात्र मुलगी शिकली त्या कॉलेजच्या केमिस्ट्री विभागात काकूंच्या नावाची खुर्ची ठेवायची आहे.

पाच लाखांत खुर्ची येत नाही, हे मी त्यांना तिथल्या तिथे सांगू शकलो असतो. पण नुसते 'नाही' सांगून माणसाला परत पाठवणे हे आमच्या कचेरीचे काम, ते घरी कशाला करायचे? मी त्यांना दोन रविवार मागून घेतले. त्या दोन रविवारी जे बोलणे झाले तेच आज इथे मांडतो आहे, कारण असा विचार मनात असणारे काका एकटेच नसतील.

आपल्याकडे ज्याला अध्यासन म्हणतात, तीच ही खुर्ची. दाता एक मोठी रक्कम विद्यापीठाला किंवा कॉलेजला देतो. ती रक्कम खर्च करायची नसते. ती कायम गुंतवून ठेवायची आणि तिच्या व्याजातून एका प्राध्यापकाचा पगार, जमल्यास त्याच्या संशोधनाचा खर्च, वर्षानुवर्षे चालवायचा. माणसे येतात, निवृत्त होतात, खुर्ची राहते. खुर्चीला दात्याचे किंवा तो सांगेल त्याचे नाव असते.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. केंद्र सरकारच्या डॉ. आंबेडकर प्रतिष्ठानाची अध्यासने देशातल्या निरनिराळ्या विद्यापीठांत आहेत. त्यांना सरकारकडून अनुदान मिळते. त्यांचे काम मोलाचेच आहे, पण अनुदानावर चालणारी खुर्ची आणि स्वतःच्या मुद्दलावर चालणारी खुर्ची यांत फरक आहे. एकीला दर वेळी मंजुरीची वाट पाहावी लागते, दुसरीला नाही. शिवाय आपल्या महापुरुषांच्या नावांची अध्यासने बहुतेक सामाजिक शास्त्रांतली. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्राच्या विभागात असे नाव सहसा दिसत नाही. काकांच्या डोक्यात केमिस्ट्री आली ती काकूंच्या ब्युरेटमुळे, पण आली ते बरे झाले.

जगातल्या प्रसिद्ध खुर्च्यांपैकी एक इंग्लंडात केंब्रिजला आहे. हेन्री लुकास नावाच्या गृहस्थाने १६६३ साली मृत्युपत्रात गणिताच्या प्राध्यापकासाठी वर्षाला शंभर पौंड उत्पन्नाची तजवीज केली. उत्पन्न जमिनीचे. १६६९ साली त्या खुर्चीवर न्यूटन बसला. अलीकडे १९७९ ते २००९ अशी तीस वर्षे स्टीफन हॉकिंग बसले. लुकासच्या व्यवस्थेत एक अट होती की, या प्राध्यापकाने चर्चचे काम पत्करू नये. न्यूटनच्या कॉलेजात तर अध्यापकाने पुढे पाद्रीपणाची दीक्षा घेतलीच पाहिजे असा नियम. न्यूटनला ती घ्यायची नव्हती. त्याने खुर्चीच्या अटीकडे बोट दाखवले आणि १६७५ साली राजाकडून सूट मिळवली. मेलेल्या माणसाने कागदावर लिहून ठेवलेली एक ओळ न्यूटनच्या उपयोगी पडली. काकांना हे फार आवडले. "म्हणजे पैशापेक्षा ओळ मोठी," ते म्हणाले. मी म्हटले, थांबा, आपल्या देशातले ऐका.

आपल्या देशातली गोष्ट कलकत्त्याची आहे. तिथले विद्यापीठ १८५७ चे, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्याच वयाचे. पण विज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन तिथे स्वतःच्या बळावर उभे राहिले ते १९१२ नंतर. कुलगुरू होते आशुतोष मुखर्जी, हायकोर्टाचे न्यायाधीश आणि स्वतः गणिताचे जाणकार. १९१२ साली तारकनाथ पालित नावाच्या बॅरिस्टरांनी जमीन आणि रोकड मिळून सुमारे पंधरा लाखांचे दान विद्यापीठाला दिले. त्यातून भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र अशी दोन अध्यासने झाली. पुढच्याच वर्षी दुसरे नामांकित वकील रासबिहारी घोष यांनी दहा लाख दिले. त्यातून आणखी चार अध्यासने झाली: उपयोजित गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र. सोबत विद्यार्थ्यांना संशोधनवृत्त्याही ठेवल्या. १९१४ च्या मार्च महिन्यात विज्ञान महाविद्यालयाच्या इमारतीची कोनशिला बसली.

त्या काळचे पंधरा लाख म्हणजे आजचे किती, याचा हिशेब मी करत बसत नाही. मला महत्त्वाची वाटते ती त्यांच्या दानपत्रातली अट. या खुर्च्यांवर भारतीय माणूसच बसेल, असे त्यांनी लिहून ठेवले. तेव्हाच्या सरकारी शिक्षणखात्यात वरच्या जागा साहेबांच्या आणि खालच्या आपल्या, अशी सरळ वाटणी होती. जगदीशचंद्र बोस १८८५ साली प्रेसिडेन्सी कॉलेजात लागले तेव्हा त्यांना इंग्रज प्राध्यापकापेक्षा कमी पगार देऊ केला. त्यांनी तीन वर्षे पगारच घेतला नाही, शिकवत राहिले. अशा काळात 'बसणारा इथलाच असेल' ही ओळ लिहिणे म्हणजे सरकारची मर्जी घालवणे होते. सरकारनेही या महाविद्यालयाला मदत देताना हात आखडता घेतला. दात्यांनी ओळ बदलली नाही.

भौतिकशास्त्राच्या पालित खुर्चीवर कोण बसले हे सांगताना मला जरा जास्त आनंद होतो, कारण तो माणूस हिशेबखात्यातला. चंद्रशेखर वेंकट रामन १९०७ साली वित्तखात्याची परीक्षा देऊन नोकरीत शिरले, तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती. कलकत्त्याला साहाय्यक महालेखापाल. कचेरीपूर्वी पहाटे आणि कचेरी सुटल्यावर रात्रीपर्यंत ते बहुबाजारातल्या एका विज्ञानसंस्थेच्या प्रयोगशाळेत राबत. ती संस्थाही लोकांच्या देणग्यांवरच १८७६ साली उभी राहिलेली. (कचेरी सुटल्यावर मीही राबतो, पण आमच्या मीटिंगांतून अजून काही शोध लागलेला नाही.) आशुतोषबाबूंनी त्यांना पालित प्राध्यापकपद देऊ केले. पगार जवळपास निम्मा होणार होता. त्यात परदेशात शिकून येण्याची अट होती. रामन म्हणाले, मी जाणार नाही. आशुतोषबाबूंनी ती अडचण दूर केली आणि १९१७ साली रामन सरकारी नोकरी सोडून खुर्चीवर आले. प्रयोग त्यांनी बहुबाजारच्या संस्थेतच चालू ठेवले, पण आता दिवसाचे सगळे तास त्यांचे होते. २८ फेब्रुवारी १९२८ ला त्यांचा प्रकाशाच्या विकिरणाचा शोध लागला आणि १९३० साली नोबेल मिळाले. आपण २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन पाळतो तो यासाठीच.

रसायनशास्त्राच्या पालित खुर्चीवर प्रफुल्लचंद्र राय बसले. १९२१ साली साठ वर्षे पूर्ण झाल्यावर त्यांनी आपला पगार घेणे बंद केले आणि तो विद्यापीठालाच देऊन टाकला, विभागाच्या कामासाठी. १९३६ साली निवृत्त होईपर्यंत असे चालले. राहायला विज्ञान महाविद्यालयातलीच एक खोली. खुर्चीने माणसाला पोसायचे, तर इथे माणसाने खुर्चीला पोसले.

घोष यांच्या वनस्पतिशास्त्राच्या खुर्चीवर आपल्या कोकणातला माणूस होता, हे काकांनाच काय, मलाही पुष्कळ दिवस ठाऊक नव्हते. शंकर पुरुषोत्तम आघारकर, मालवणचे. १९१४ साली नेमणूक झाली, अधिक शिक्षणासाठी जर्मनीला गेले आणि महायुद्ध सुरू झाल्याने तिथेच अडकून पडले. परत आल्यावर कलकत्त्यात त्यांनी वनस्पतिशास्त्राचा विभाग उभा केला. पुण्यातली आघारकर संशोधन संस्था त्यांच्याच नावाची. ती ज्या रस्त्यावर आहे तो मात्र 'सुधारक'वाल्या गोपाळ गणेश आगरकरांच्या नावाचा आहे. एक आघारकर, दुसरे आगरकर. पुण्यात राहणाऱ्यांचाही घोटाळा होतो.

आता ज्याच्यासाठी ही सारी गोष्ट मी काकांना सांगितली, त्या माणसाकडे येतो. मेघनाद साहा. जन्म १८९३, ढाक्याजवळच्या शेवडाताली या खेड्यात. वडील किराणा मालाचे छोटे दुकानदार, त्या काळी बंगालात हलकी मानली जाणारी जात. गावात पुढची शाळा नव्हती. दुसऱ्या गावच्या एका डॉक्टरांच्या घरी पोराला ठेवून घेतले. स्वतःची भांडी घासायची, गाईचे करायचे आणि शिकायचे. शिष्यवृत्त्या मिळवत पोरगा कलकत्त्याला प्रेसिडेन्सी कॉलेजात पोहोचला. वसतिगृहात काही मुलांनी त्याच्या शेजारी जेवायला बसायला नकार दिला. आपल्या वाचकांना याहून जास्त सांगायची गरज नाही.

या मुलाला पुढे जागा कुठे मिळाली? आशुतोषबाबूंच्या विज्ञान महाविद्यालयात, १९१६ साली. परदेशी जायला पैसे कुठून आले? त्यातले काही प्रेमचंद रायचंद यांच्या नावाच्या शिष्यवृत्तीतून. हे प्रेमचंद आपल्या मुंबईचे, कापसाचे व्यापारी. फोर्टातला राजाबाई टॉवर त्यांच्या आईच्या नावाचा. त्यांनी १८६६ साली कलकत्ता विद्यापीठाला दोन लाख रुपये दिले होते. दाता मुंबईत, ठेव कलकत्त्यात आणि पन्नासहून अधिक वर्षांनी तिचा उपयोग ढाक्याकडच्या किराणावाल्याच्या पोराला. १९२० साली साहांचे ताऱ्यांच्या वातावरणाविषयीचे समीकरण प्रसिद्ध झाले. सूर्यावर आणि ताऱ्यांवर कोणती द्रव्ये कोणत्या तापमानाला आहेत हे प्रकाशावरून ओळखायची किल्ली त्यातून शास्त्रज्ञांच्या हाती आली.

१९२१ साली त्यांना कलकत्त्यातच खैरा नावाचे अध्यासन मिळाले, खैऱ्याच्या जमीनदार घराण्याच्या देणगीतले. नाव मिळाले, पगार मिळाला, पण उपकरणांसाठी आणि मदतनीसांसाठी पैसा नव्हता. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ आणि हाताखाली प्रयोगशाळा नाही! दोन वर्षे काढून १९२३ साली ते अलाहाबादला निघून गेले. परत आले ते १९३८ साली, पालित प्राध्यापक म्हणून. रामन जिथे बसत होते त्याच खुर्चीवर, जेवायला शेजारी नको असलेला तो मुलगा. पुढे त्यांनी कलकत्त्यात अणुभौतिकीची संस्था उभी केली, १९५२ साली लोकसभेत निवडून गेले आणि १९५६ च्या फेब्रुवारीत वारले. आपल्यावर आभाळ कोसळले तेच हे वर्ष.

आणि साहा यांचा आपल्याशी आणखी एक धागा आहे. १९४३ साली दामोदर नदीला मोठा पूर आला. बंगाल सरकारने चौकशी समिती नेमली, तिच्यात साहा होते. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याप्रमाणे या नदीचेही एकत्र नियोजन व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. तेव्हा दिल्लीत व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते बाबासाहेब आणि पाटबंधारे व वीज त्यांच्याकडे. १९४५ च्या जानेवारीत दामोदर प्रश्नावर कलकत्त्यात जी परिषद भरली तिचे अध्यक्षस्थान बाबासाहेबांनी भूषवले. १९४८ साली दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला. एक माणूस कोलंबियात शिकून आलेला, तिथले त्याचे गुरू सेलिग्मन हेही मॅकविकर नावाच्या अध्यासनाचे प्राध्यापक. दुसरा पालित खुर्चीवरचा. दोघेही पाण्याच्या प्रश्नावर, एकाच नदीसाठी.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आता पैशाचं सांग."

पैशाचे गणित असे. आजच्या सातव्या वेतन आयोगाप्रमाणे प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन महिना १,४४,२०० रुपये आहे. वर्षाचे झाले १७,३०,४००. ठेवीवर सात टक्के व्याज धरले तर एवढ्या व्याजासाठी मुद्दल लागते जवळजवळ अडीच कोटी. यात महागाई भत्ता नाही, घरभाडे नाही, उपकरणे नाहीत. शिवाय सगळे व्याज खाऊन टाकले तर महागाई मुद्दलाला आतून पोखरते. म्हणून सातातले दोन टक्के परत मुद्दलात टाकायचे. मग उरलेल्या पाच टक्क्यांवर पगार काढायला साडेतीन कोटींच्या जवळ जावे लागते.

हे पोखरणे काय असते ते पाहायचे असेल तर कोणत्याही जुन्या कॉलेजच्या पारितोषिकांची यादी काढून पाहावी. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कोणी वडिलांच्या नावाने हजार रुपये ठेवले. तेव्हा त्याच्या व्याजात मुलाची पुस्तके येत. आज सात टक्क्यांनी सत्तर रुपये येतात. नाव दरवर्षी व्यासपीठावरून वाचले जाते आणि पाकिटात सत्तर रुपये असतात. मुलगा पाकीट उघडतो तेव्हा मृताचा मान होतो की अपमान, मला सांगता येत नाही.

दुसरा धोका त्याहून वाईट. माझ्या माहितीतल्या एका संस्थेत प्रयोगशाळेसाठी दिलेल्या ठेवीचे व्याज कित्येक वर्षे समारंभाच्या चहापाण्यात जात होते. दात्याच्या मुलाने विचारले तेव्हा कळले की देणगीपत्रात 'कॉलेजच्या विकासासाठी' एवढेच लिहिले होते. चहापाणीही विकासच, असे उत्तर त्याला मिळाले. कागदाप्रमाणे ते चूकही नव्हते.

आणि मोठ्या खुर्च्यांबद्दलही माझी एक शंका आहे, ती लपवत नाही. अनुदानित कॉलेजांत शिक्षकांच्या मंजूर जागा रिकाम्या राहतात आणि तासिका तत्त्वावर आपलीच एम.एस्सी., नेट झालेली मुले अर्ध्या पोटी शिकवतात. तिथे धनिकाच्या नावाची एक खुर्ची आणून सरकारने उरलेल्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाठ फिरवावी, असे होता कामा नये. पालित-घोषांनी परक्या सरकारच्या काळात दिले. आज सरकार आपले आहे, त्याच्याकडे मागायचे ते मागायलाच हवे.

तेव्हा पाच लाखांचे काय करायचे? वर्षाला पस्तीस हजार व्याज. दहा हजार मुद्दलात परत. उरले पंचवीस. त्यात प्राध्यापक बसत नाही, पण केमिस्ट्री विभागातल्या दोन-तीन मुलींची प्रयोगशाळेची फी, जर्नल, एप्रन, परीक्षा फी निघते. मी तसे पत्र लिहून दिले. ही रक्कम कायम ठेव म्हणून दिली आहे, मुद्दल मोडू नये. व्याज केमिस्ट्री विभागाच्या विद्यार्थिनींसाठीच वापरावे. घरात विज्ञान शिकणारी पहिलीच असेल तिला प्राधान्य. दरवर्षी जूनमध्ये हिशेबाची प्रत दात्याला किंवा त्याच्या मुलीला पाठवावी. 'कायम ठेव' हे शब्द पत्रात असलेच पाहिजेत, नाहीतर रक्कम चालू खर्चात जमा होते. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर प्राचार्यांची सही आणि शिक्का घ्यायचा, पावतीवरही 'कायम ठेव' असेच लिहून घ्यायचे.

"मग खुर्ची नाहीच म्हणायची," काका म्हणाले. मी म्हटले, "नाही काका. खुर्चीला अडीच कोटी लागतात." ते पत्र त्यांनी दोनदा वाचले. चष्मा काढला, पुसला, परत वाचले. मग बोट ठेवून म्हणाले, "इथं एक ओळ घाल. काचेचं काही फुटलं तर त्याचे पैसे पोरीकडून घ्यायचे नाहीत, ह्याच्यातून भरायचे."

घातली. सोमवारी ते आणि त्यांची मुलगी कॉलेजात जाऊन आले. प्राचार्यांनी विचारले म्हणे, ही शेवटची अट कशासाठी? मुलगी सांगू लागली, तर काकांनी तिला थांबवले आणि म्हणाले, "असू द्या साहेब, सही करा."